गावकरकाकांची रविवारची वाईन

गावकरकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी दादरला कंत्राटी सफाई कामगारांच्या बैठकीत बोलत होते. फोन टेबलावर उपडा ठेवला होता. तो थरथरत सरकत काठापर्यंत आला तरी मी बोलणं थांबवलं नाही, आणखी दहा मिनिटं बोलले. टाळ्या घेतल्या, खाली बसले, फोन सरळ केला. आईचे सहा मिस्ड कॉल होते आणि चाळीच्या ग्रुपवर एक ओळ होती: काका सकाळी गेले, चार वाजता नेणार. त्याला आता सात आठवडे झाले. तेव्हापासून मला एका जागी नीट बसता येत नाही. लिहायला घेतलं की उठते, पाणी पिते, परत बसते... कारण त्यांच्याबद्दल लिहायचं तर मी केलेल्या एका गोष्टीबद्दलही लिहावं लागतं, आणि ती टाळून लिहिलेलं त्यांना चाललं नसतं.

आमची चाळ काळाचौकीची. काका तिसऱ्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. माझे बाबा युनियनवाले. घरात गोष्टीच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वाचायला शिकले तीही पत्रकांवरच. ती छापली जायची लालबागच्या एका छोट्या छापखान्यात आणि तिथे प्रूफं वाचायचे गावकरकाका. पुढे मीच पत्रकं लिहू लागले तेव्हा कच्चा मजकूर घेऊन जिना चढून त्यांच्याकडे जायचे. ते चुका दुरुस्त करायचे, पण त्यात त्यांना फार रस नसायचा. त्यांचा खरा धाक होता समासातल्या प्रश्नचिन्हाचा. "हे कोणी सांगितलं तुला?" "तू गेली होतीस तिथे?" मी चिडायचे. ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "गो, पत्रक म्हणजे काय भाषण नव्हे. भाषण हवेत जातं. पत्रक समोरच्याच्या खिशात राहतं. त्यातलं एक वाक्य खोटं निघालं ना, की तो उरलेली वीस खोटी धरतो."

छापखाना बंद पडल्यावर त्यांना माझगावला काम मिळालं, लेबलं छापणाऱ्या कारखान्यात. औषधं, खोबरेल, लोणची, आणि नाशिककडच्या एका वाईनचीही लेबलं. सगळ्यात स्वस्त तांबडी वाईन होती ती, जांभळ्या पट्टीच्या लेबलाची. बाटलीच्या पाठीवर मजकूर होता की हिच्यात पिकलेल्या जांभळाची चव आहे, मागून काळी मिरी आणि किंचित लवंग. काकांनी तो मजकूर तपासला, सही केली, लेबलं गेली. पण त्यांना चैन पडेना. लोणच्याच्या वेळी त्यांनी बरणी उघडून पाहिली होती, मग हिलाच का सोडायचं? जन्मात दारूला न शिवलेला हा साठीचा माणूस एका रविवारी बाटली घेऊन घरी आला आणि मंदाकाकूंना म्हणाला, "कामाचं आहे."

मी तेव्हा कॉलेजात होते. पुढे कित्येक रविवार मी ते काम समोर बसून पाहिलं. दुपारी बाराच्या सुमारास काका टेबल पुसायचे. एका वाटीत चार मिरी, दुसरीत दोन लवंगा, हंगाम असला तर बशीत जांभळं. वाईन ओतायची स्टीलच्या पेल्यात, दोन बोटं. आधी मिरी चुरगळून हुंगायची, मग पेला हुंगायचा, मग परत मिरी. एक घोट घेऊन तो तोंडात फिरवत डोळे मिटून बसायचे. गॅलरीतून जाणारी माणसं दारात थबकायची. "काय काका, लागला का निकाल?" काका हाताने थांबा म्हणायचे. घोट गिळून झाल्यावर आणखी मिनिटभर थांबायचे आणि मग सांगायचे, "जांभूळ आहे. पण गराचं नाही, सालीचं. जीभ कशी ओढते बघ, तसं. मिरी आहे, उशिरा येते, घशाजवळ. लवंग नाही. लवंग ह्यांनी शोभेला घातलीय." लवंग काढून टाकावी असं पत्रही त्यांनी कंपनीला पाठवलं होतं. उत्तर आलं नाही.

लेबलावर असंही होतं की ही वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी. त्यावर काका हसायचे. "ज्याने लिहिलं त्याने आमची खोली पाहिलेली नाही. मे महिन्यात इथे पापड भाजतील." मग त्यांनी स्वतःच शोध लावला की वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली की तिचा कडकपणा उतरतो आणि जांभूळ पुढे येतं. बांगड्याबरोबर घेतली तर तोंडात लोखंड चाटल्यासारखं होतं, सुक्या मटणाबरोबर मात्र दोघांचं जमतं. तपासणी कधी संपली आणि आवड कधी सुरू झाली हे त्यांनाही सांगता आलं नसतं. दोन बोटं, कधी अडीच, तिसरं कधी पाहिलं नाही. उरलेली चार दिवसांत आंबायची, ती काकू मटणात घालायच्या. "माका नको ता कडू पाणी," त्या म्हणायच्या, "पण मटाण बरा लागता." काका दर वेळी पेला माझ्यापुढे करायचे. "घोटभर बघ. तुझं मत हवंय." मी दर वेळी नाही म्हणायचे. बाबांचे धाकटे भाऊ गिरणी गेल्यावर दारूत गेले. बेचाळिसाव्या वर्षी. आजीने त्यांच्यासाठी झाकून ठेवलेली ताटं मला आठवतात. मी दारूला तोंड लावणार नव्हते, आणि ह्याबद्दल मला आजही लाज नाही.

दोन वर्षांपूर्वी चाळीला लागून टॉवर उभा राहिला आणि त्याच्या तळमजल्यावर दारूचं दुकान येणार असं कळलं. शाळेची वाट तिथूनच. बायका उठल्या, मी त्यांच्यात होते. पत्रक मी एका बैठकीत लिहिलं, रागात, आणि ते चांगलं झालं होतं. त्यात मी लिहिलं: "तिला चवीचं, प्रतिष्ठेचं नाव देऊन घरात घेणारे आपल्याच चाळीत आहेत. दोन बोटांनी सुरू होतं आणि घर बुडवून संपतं."

असं लिहिणारा माणूस कोणाला डोळ्यांपुढे ठेवून लिहितो? मी लोकांना नंतर सांगितलं की माझा रोख कोणा एकावर नव्हता. ते खोटं होतं. वाक्य लिहिताना मला ते टेबल दिसत होतं. लढा मोठा होता, वाक्य जोरदार होतं, आणि मला वाटलं काका मनाला लावून घेणार नाहीत. त्याहून वाईट म्हणजे सवयीने ते पत्रक मी त्यांच्याकडेच घेऊन गेले. त्यांनी माझ्यासमोर वाचलं. दोन ठिकाणी दुरुस्ती केली. त्या वाक्यापाशी पेन्सिल थांबली. समासात प्रश्नचिन्ह काढलं आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, "पाहिलंस?" कागद परत दिला. मी खाली येऊन रबराने ती खूण पुसली, वाक्य ठेवलं, आणि छापायला दिलं.

पुढचं फार मोठं नाही, म्हणूनच मला जास्त टोचतं. मंडळाच्या बैठकीत कोणीतरी पत्रक फडकावून म्हणालं, "मग आपल्या गावकरांचं काय करायचं?" हशा पिकला. मीही तिथे होते. गणपतीच्या अहवालाची प्रूफं काका वर्षानुवर्षं वाचत होते, ती त्या वर्षी दुसऱ्याकडे गेली. काका "बरं" म्हणाले. आणि पुढच्या रविवारी त्यांनी दार लोटून घेतलं. चाळीबाहेरच्यांना ह्याचा अर्थ कळणार नाही. आमच्याकडे दिवसा दार लोटलेलं असलं तर आत कोणी आजारी असतं किंवा भांडण चालू असतं. काही महिने दर रविवारी ते दार लोटलेलं राहिलं. मग बाटली यायचीच बंद झाली आणि दार उघडलं.

माझी प्रूफं ते वाचत राहिले. शेवटपर्यंत. फक्त एकही प्रश्न आला नाही. मी मुद्दाम ढिली वाक्यं लिहून नेली, ऐकीव गोष्टी घातल्या, तरी समास कोरा. एकदा मी न राहवून म्हटलं, "काका, काहीच विचारायचं नाही का?" ते म्हणाले, "छान लिहितेस तू आता." ... त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाराव्या दिवशी त्यांच्या नावाचं पान वाढायचं होतं. आमच्या कोकणातल्या घरांतून गेलेल्याच्या आवडीचं सगळं त्या पानावर ठेवतात. माझा ह्या गोष्टींवर विश्वास नाही, त्याविरुद्धही मी लिहिलेलं आहे. मी वाटाणे सोलत बसले होते. पानावर वडे, मटण, सोलकढी सगळं आलं आणि काकू थांबल्या. "विनय, एक गोष्ट रवली."

विनयदादाला लगेच समजलं. "आई, नको. सगळी चाळ आलीय. बाबांच्या पानावर दारू? आधीच काय कमी बोलले लोक?"

काकू त्याच्याकडे नाही, माझ्याकडे वळल्या. "तू सांग गो. तुझो विश्वास नाय, माका म्हायती आसा. तुझ्या कागदान बंद झाला. आता पानार ठेवू की नको, ताय तूच सांग."

त्या रागाने बोलत नव्हत्या. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. नवऱ्याच्या पानाबद्दल त्यांना माझी परवानगी हवी होती, सत्तावीस वर्षांच्या, खालच्या मजल्यावरच्या मुलीची! आजवर कुठल्याही साहेबाच्या केबिनमध्ये मला इतकं खुजं वाटलं नव्हतं. मी उठले, हात पुसले आणि जिना उतरले.

आमच्या विरोधानंतरही ते दुकान उघडलं होतंच. गल्ल्यावरच्या माणसाने मला ओळखलं. "मॅडम, आज अकेले? बोर्ड-बिर्ड नहीं लाये?" मी नाव विसरले होते. म्हटलं, तांबडी, सगळ्यात स्वस्त, जांभळी पट्टी. त्याने हातातली काळी पिशवी पुढे केली. मी नको म्हटलं. बाटली हातात धरून चाळीच्या चौकातून आले, तीन जिने चढले. गॅलरीत पानाच्या आमंत्रणाला आलेल्या सगळ्या उभ्या होत्या, माझ्याबरोबर दुकानापुढे धरणं धरून बसलेल्या शिंदेमावशीही.

"अगं बाई! तुझ्या हातात?"

"काकांसाठी. मावशी, पत्रकातलं ते वाक्य खोटं होतं. दोन बोटांचं. मी दर रविवारी समोर बसून बघत होते आणि न पाहिल्यासारखं लिहिलं."

"म्हणजे आता दुकान चांगलं झालं होय?"

"दुकानाला माझा विरोध आहेच. उद्या परत बसू तिथे. पण काकांवरचं वाक्य मी मागे घेते."

"मागे घेऊन काय उपयोग," मावशी म्हणाल्या, "ज्याला सांगायचं तो पानावर आहे." आणि त्या बाजूला सरकल्या, मला आत जायला वाट दिली.

काकूंनी पेल्यात ओतली, पानाशेजारी ठेवली. बाटलीत उरलेल्यातली घोटभर वाटीत घेऊन माझ्यापुढे धरली. मी घेतली. आंबट लागली. मग जीभ ओढली गेली, खरंच सालीसारखी, आणि मी गिळून टाकली तरी ती तोंडातून जाईना. मला आवडली की नाही ते अजून सांगता येत नाही. "काय?" काकूंनी विचारलं. मी म्हटलं, "घाईत प्यायले. नीट कळलं नाही." त्या पहिल्यांदाच हसल्या.

पंगत उठल्यावर खोली रिकामी झाली. काकू मोरीत होत्या. मी जाऊन काकांच्या खुर्चीत बसले. ती टेबलाला सरळ लावलेली नाही, दाराकडे अर्धी वळलेली आहे. तिथून सबंध गॅलरी दिसते. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या पिशवीत काय. मी उठून दार लोटलं आणि परत येऊन बसले. समोर दाराची हिरव्या ऑइलपेंटची फळी, तिच्यावर कॅलेंडरचा खिळा, खालच्या फटीतून जाणाऱ्या चपला. कोणाच्या ते ओळखू येत नव्हतं. ह्या फळीकडे बघत ते रविवारच्या रविवार बसले होते.

"दार कित्याक लोटलंस गो?" काकू आतून ओरडल्या. "उघाड ता. माणसा येतत-जातत."

मी उठून दार उघडलं.