सायलेन्सरचं पॅकिंग

आवाज ऐकून गाडीचं दुखणं ओळखायची खोड मला अण्णांनी, म्हणजे वडिलांनी लावली. त्यांचं आयुष्य लातूरच्या एका डाळमिलमध्ये यंत्रं सांभाळण्यात गेलं. कुठला पट्टा सैल झालाय, हे ते पाठमोरे उभे राहून सांगायचे. घरी आले की तीच शाळा स्कूटरवर भरायची. खडखड असेल तर सायलेन्सरच्या आत काहीतरी सुटलंय. कोरडी फटफट असेल, तीही गाडी थंड असताना जास्त, तर सायलेन्सर इंजिनला जोडतात तिथलं पॅकिंग, म्हणजे सांधा बुजवणारी चकती, जळलंय. इतर मुली रांगोळ्या शिकत होत्या तेव्हा मी हे शिकले, आणि त्याचा मला अजून तोरा आहे.

आता मी नांदेडला विष्णुपुरीत राहते, कॉलेजात शिकवते. अण्णा आणि आई चाकूरला असतात. मागच्या हिवाळ्यात सुट्टीला गेले, तर गल्लीच्या तोंडाशीच अण्णांची जुनी गिअरची स्कूटर ऐकू आली. सगळी गल्ली दणाणत होती. पॅकिंग गेलंय, मी म्हटलं. चालू दे की, म्हणाले. पुढच्या खेपेला आवाज आणखी वाढलेला, आणि अण्णांचं तेच उत्तर. ज्या माणसाने गाड्यांच्या आवाजावरून मला एवढं शिकवलं, तो स्वतःच्या गाडीचं असं करतो, याचा मला राग आला. आईने मात्र बजावलं की त्यांच्या गाडीला हात लावू नको. का, ते सांगितलं नाही. नवऱ्याचीच बाजू घेणार, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा शेजाऱ्यांच्या जीपमधून लग्नाला गेले, तशी मी पाना काढला. गाडी सुरू केली आणि सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं दाबून धरलं. धुराची वाट अडली की तो फटीतून निघतो आणि तिथे फुसफुस ऐकू येते. ही युक्तीही त्यांचीच. फुसफुस नेमकी जोडापाशी आली. गाडी गार झाल्यावर नवं पॅकिंग बसवलं, नट आवळले. गाडी इतकी मऊ चालू लागली की मी एकटीच हसले. शाबासकी मिळणार, याची खात्रीच होती.

संध्याकाळी अण्णा रानाकडे निघाले. गावाबाहेरच्या तुकड्यावर रोज एक चक्कर मारायची, एवढाच त्यांचा उद्योग उरला होता. त्यांनी किक मारली. गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी पुन्हा किक मारली. चालू गाडीला किक मारल्यावर होते तशी कर्कश घरघर झाली, ती मला दारात ऐकू आली, त्यांना नाही. ते तिसरी मारायला निघाले, मग थांबले, वाकले आणि इंजिनवरच्या पत्र्यावर हात ठेवला. गाडी चालू आहे हे त्यांना त्या थरथरीवरून कळलं. मिलने त्यांचे कान कधीचेच नेले होते, समोरच्याचे ओठ बघून ते वेळ मारून नेत होते, आणि ते आम्हाला, निदान मला, कळू द्यायचं नव्हतं.

त्यांनी गाडी बंद केली.

"तो आवाज लई मोठा व्हता, बाई. तेवढाच येत व्हता मला. गिअर त्याच्यावरच टाकत व्हतो."

करायला गेले गणपती अन् झाला मारुती. मी म्हटलं, जरा थांबा, आत्ता नट ढिला करते. म्हणजे ओरडलेच, कारण एव्हाना साध्या बोलण्याची सोय उरली नव्हती. त्यांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला.

"न्हाई. आता तुला कळलं, न्हवं? आता तू घरी बसून काळजी करशील."

लोक म्हणतात, बरं झालं, ऐकू न येता गाडी चालवत होते, कधीतरी जीवावर बेतलं असतं. खरंच आहे. पण मी आधी बसून विचारायला हवं होतं, आणि ऐकायला हवं होतं, हे मनातून जात नाही. त्यांनी गाडी सोडली. आता मी सुट्टीला गेले की त्यांना मागे बसवून रानात नेते. गाडी छान चालते. मी काही विचारलं तर मागून उत्तर येत नाही.