रिकामा टणत्कार

माझं आणि माझ्या भावाचं पटत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी "सख्ख्या भावाबद्दल असं कसं बोलतेस" म्हणायला नको. आईवडिलांच्या मागे त्यांच्या मुलुंडच्या फ्लॅटमध्ये मी, तो आणि वहिनी अशी तीन माणसं राहतो. या दसऱ्यापर्यंत तो माझ्याशी वहिनीमार्फत बोलायचा. मी समोर बसलेली असताना तिला म्हणायचा, "तिला सांग, गिझर बंद करायला." मीही तिलाच म्हणायचे, "त्याला सांग, केला मघाशीच." वहिनी दोन्हीकडचं ऐकून घ्यायची आणि भाजी निवडत राहायची. निरोप पुन्हा बोलून दाखवायचीही तिला गरज पडायची नाही.

भांडण जुनं आहे. कॉलेजात असताना मी तिरंदाजी करायचे, साध्या लाकडी धनुष्याने, आणि चांगली करायचे. तेव्हा भावाचं लग्न ठरत होतं. मुलीकडची माणसं घर बघायला येणार म्हणून त्याने साफसफाई काढली आणि माझं धनुष्य भंगारवाल्याला देऊन टाकलं. मी घरी आले तर कपाटामागचा कोपरा झाडून लख्ख केलेला. "पाहुण्यांना काय वाटलं असतं?" एवढंच त्याचं म्हणणं होतं. आईने त्याचीच री ओढली. मग नोकरी लागली, आई आजारी पडली, आणि खेळ सुटला तो सुटलाच. त्या दिवशी घर बघायला आलेली मुलगी म्हणजे आमची वहिनी.

अलीकडे आमच्या जवळच्या मैदानावर तिरंदाजीचा क्लब सुरू झाला. ऑफिसातून येताना मी रोज कुंपणाशी थांबायला लागले आणि एक दिवस आत गेले. कोच तुसडा माणूस. म्हणाला, वयाचं काही नाही, पण क्लबची धनुष्यं मुलांसाठी आहेत, स्वतःचं आणा. नवीन माझ्या आवाक्यातलं नव्हतं. बोरिवलीत एक गृहस्थ भेटले, खांदा गेल्यामुळे खेळ सोडलेले. त्यांचं जुनं कंपाऊंड धनुष्य मी घेतलं. कंपाऊंड म्हणजे वर-खाली वाकणारी दोन पाती आणि त्यांच्या टोकांना चाकं असलेलं. ओढताना आधी जड जातं, पण दोरी पूर्ण मागे आली की चाकं फिरतात आणि बराचसा भार स्वतःवर घेतात. चाळिशी उलटलेल्या माझ्या खांद्याला तेच झेपणारं होतं.

कोचने ते उलटंसुलटं करून पाहिलं. "मॅडम, हा तर म्युझियमचा पीस आहे," म्हणाला. "दसऱ्यानंतरच्या रविवारी घेऊन या. बाण सरळ जायला हवा आणि कुठे तडा नको. पास झालं तर तुम्हाला बॅचमध्ये घेतो. नाहीतर त्या जागेसाठी दुसरे थांबलेत." म्हणजे सगळं त्या रविवारवर येऊन ठेपलं.

ते धनुष्य एका उंच माणसाच्या हाताला बसवलेलं होतं. मी दोरी ओढली की ती माझ्या कानाच्याही मागे जायची. बोरिवलीच्या गृहस्थांकडे धनुष्य दाबून धरायचा शिकंजा होता. त्यावर चढवून त्यांनी दोरी आणि चाकांच्या केबल नव्या घातल्या, चाकांवरचे तुकडे सरकवून ओढ माझ्या मापाची केली. पुढचं काम घरी करायचं होतं. त्याला माणूस लागतो, आणि घरात माणूस म्हणजे वहिनीच.

भाऊ माझ्या आधी ऑफिसला निघायचा, तो गेला की आम्ही पॅसेजच्या टोकाला वहिनीच्या जुन्या साड्या ठासून भरलेलं पोतं लावायचो आणि त्याच्या पुढ्यात कपडे वाळत घालायच्या स्टँडवर वर्तमानपत्राचं पान ताणून बांधायचो. पानातून बाण मारायचा आणि फाटलेलं पाहायचं. गोल भोक पडलं तर बाण सरळ गेला. भोकाच्या बाजूला चीर गेली तर बाणाचं शेपूट त्या बाजूला हेलकावतंय. मग बाण टेकवायचा आधार केसभर सरकवायचा आणि पुन्हा मारायचा. पहिल्या दिवशी चिरा अशा पडल्या की पानावर मांजर सोडल्यासारखं वाटलं. वहिनी माझ्या मागे उभी राहायची, बाण गेला की पुढे होऊन पान उजेडात धरायची आणि सांगायची, "अजून डावीकडे फाटतंय गो."

तिची नजर माझ्याहून चांगली निघाली. मी दोरी ओढून धरलेली असताना ती बाजूने पाहत म्हणाली, "वरचं चाक आधी पोचतंय, खालचं मागनं येतंय." दोन्ही चाकं एकदम थांबायला हवीत, हे मी तिला सांगितलेलंही नव्हतं. आम्ही दोघी धनुष्य चादरीत गुंडाळून बोरिवलीला गेलो आणि केबलला अर्धा पीळ देऊन घेतला. त्यानंतर भोकं हळूहळू गोल व्हायला लागली. एकदा चुकून त्याच दिवशीचं पान वापरलं गेलं. संध्याकाळी भाऊ म्हणाला, "तिला सांग, अग्रलेख वाचायचा असतो, फोडायचा नसतो." साहेब आयुष्यभर नाकाने कांदे सोलत आले आहेत, पण ते वाक्य बरं होतं. मला हसू आलं आणि स्वतःचाच राग आला.

खंडेनवमीला आमच्याकडे पाट मांडतात. भावाचा लॅपटॉप, वहिनीची विळी, वडिलांचा गिरणीतला पाना असं सगळं त्यावर ठेवून पूजा होते. गिरणी कधीच गेली, पण पान्याला अजून झेंडूचं फूल मिळतं. त्या सकाळी वहिनी म्हणाली, "तुझं पण ठेव ना. घरातलं खरं शस्त्र तेवढंच आहे." इतक्या वर्षांत त्या पाटावर माझं म्हणून काही नव्हतं. मला बरं वाटलं, हे कबूल करते. आदल्याच दिवशी लागोपाठ सगळी भोकं गोल पडली होती. मी धनुष्य पाटावर ठेवलं, पण आधी भावाला ऐकू जाईल असं वहिनीला म्हणाले, "त्याला सांग, बाण लावल्याशिवाय दोरी ओढून सोडायची नाही. ती ताकद बाणात गेली नाही तर धनुष्यातच उलटते. फुटतं ते."

वहिनीने या वेळी ते शब्दाला शब्द त्याला सांगितलं. तो हार ओवत होता. म्हणाला, "तिला सांग, मी कुक्कुलं बाळ नाही."

आरती झाली. घाटकोपरचे काका-काकू प्रसादाला आले होते. आमचे काका म्हणजे उंटावरचे शहाणे. धनुष्याकडे बघत म्हणाले, "नुसतं कुंकू लावून काय होतं? शस्त्र जागं करायला टणत्कार नको का?" भावाला तेवढंच पुरलं. त्याने धनुष्य उचललं, छाती काढून उभा राहिला आणि बोटांनी दोरी खेचायला लागला. चेहरा लाल झाला, मग चाकं फिरली आणि दोरी हलकी होऊन मागे आली. आपल्याला जमलं म्हणून तो हसला.

"दादा, नको," मी म्हणाले.

कित्येक वर्षांत मी त्याच्याशी थेट बोललेले ते पहिले शब्द. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. आणि दोरी सोडली.

माळ्यावरून पातेल्यांची उतरंड कोसळावी तसा आवाज झाला. दोरी चाकावरून उडाली, केबल तुटून भावाच्या गालावर बसली आणि धनुष्य पाटावर आपटलं. तो गाल धरून खाली बसला. बोटांमधून रक्त येत होतं. मी धावले ती धनुष्याकडे. गुडघ्यावर बसून चाकं चाचपली, पात्यांवरून हात फिरवला. मागून काकूंचा आवाज आला, "अगं, भाऊ रक्ताने माखलाय आणि तू हे काय करतेस?" मी मान वर केली नाही.

भावाला टाके पडले. दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकाला ती गोष्ट सांगितली गेली, "भाऊ पडला आणि ही आधी धनुष्याकडे पळाली." टणत्कार कुणी केला, कुणी करायला लावला, हे सांगायची कुणाला आठवण झाली नाही. भाऊ पट्टीआडून म्हणाला, "तिला सांग, माल जुनाच होता." चोराच्या उलट्या बोंबा. मी तोंड उघडलं, "त्याला सांग..."

"मी काही सांगणार नाही," वहिनी म्हणाली. "तुमचं तुम्ही बघा." आणि आत निघून गेली. त्या दिवसापासून तिने निरोप बंद केले. आता माझ्यात आणि भावात निरोपाचंही बोलणं उरलं नाही.

तडा डोळ्यांना दिसत नव्हता. मी देवाच्या वातींचा कापूस घेतला आणि पात्यांवरून हलकेच फिरवला. पातं गुळगुळीत असेल तर कापूस घसरत जातो. वरच्या पात्यावर घसरला. खालच्या पात्यावर चाकाजवळ त्याचा धागा अडकला. मी पुन्हा फिरवला, पुन्हा तिथेच अडकला. इतकं जुनं पातं आता कुठेच मिळत नाही, हे मला बोरिवलीला फोन करायच्या आधीच माहीत होतं. तरी केला.

रविवारी मी क्लबवर गेले, कारण न जाणं म्हणजे त्याने मला दुसऱ्यांदा घरी बसवणं झालं असतं. वहिनी न विचारता बरोबर आली. कोचने कापूसही मागितला नाही. पात्यावरून नख फिरवलं आणि धनुष्य माझ्या हातात परत दिलं. "रिकामं सोडलं ना कुणीतरी?"

मी काही बोलायच्या आत वहिनी म्हणाली, "हो. माझ्या नवऱ्याने. सांगितलेलं असताना सोडलं."

कोचने खांदे उडवले. माझी जागा त्याच सकाळी दुसऱ्या कुणाला गेली.

परतताना रिक्षात धनुष्य आमच्या दोघींच्या मांडीवर आडवं होतं. मी बाहेर बघत होते. रडायचं नाही एवढं ठरवलं होतं आणि ते जमत नव्हतं. काही वेळाने वहिनीने चादर सारखी केली, जिथे तडा होता त्यावर हात ठेवला आणि रस्त्याकडे बघतच म्हणाली, "तुला सगळे बोलतात ना, आधी धनुष्याकडे पळाली म्हणून. ह्यांच्या गालाला लागलं तेव्हा मी पण आधी धनुष्यच बघितलं गो. फक्त जागची हलले नाही, म्हणून कुणाला कळलं नाही."

मग तिने रिक्षावाल्याला सांगितलं, पुढच्या गल्लीत डावीकडे घ्या.