हिचा स्पॅनिश भूतकाळ

आमची ही कपडे आल्टर करते. ढगळ पँट आत घेणं, आखूड बाही लांब करणं, यात तिचा कोणी हात धरणार नाही. तर ही बाई पंचावन्नाव्या वर्षी स्पॅनिश शिकायला बसली. तेही फक्त भूतकाळ!

कारण सांगतो. लेकीनं परदेशात तिथल्याच एका स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाशी लग्न ठरवलं. आम्ही लग्नाला निघालो, विमानतळावर पोचलो आणि विमानाच्या भीतीनं हिची बोबडीच वळली. पाऊल पुढे टाकेना. मी आपला नवा सूट घालून घाम पुसतोय! शेवटी बॅगा उचलून घरी परत. लेकीनं तिकडे ठोकून दिलं, आईला कावीळ झाली. तेव्हापासून विहीणबाई दर फोनवर लेकीमार्फत काविळीची चौकशी करतात आणि ही मेल्याहून मेली होते.

"त्यांना खरं काय ते मी सांगणार, माझ्या तोंडानं," ती म्हणाली. "लेक मध्ये नको. ती साखर पेरते."

झालं! शिलाई मशीनसमोर कागद चिकटला. बुस्कार, येगार, एम्पेसार. शोधणं, पोचणं, सुरू करणं. भूतकाळात 'मी' आला की बुस्के, येगे, एम्पेसे, आणि लिहिताना अक्षरंच बदलतात. एकीकडे सी जाऊन क्यू-यू येतात, दुसरीकडे जीच्या मागे यू घुसतो, तिसरीकडे झेडचा सी होतो. तू, तो, ते यांना काही त्रास नाही. सगळे नखरे 'मी'चे. आमच्या घरात तरी वेगळं काय आहे?

"अगं, तुला बोलायचंय ना? मग स्पेलिंग कशाला घोकतेस?"

"कागद बघून वाचणार आहे. चुकीचं लिहिलं तर चुकीचंच वाचेन. आवाज तोच राहावा म्हणून अक्षर बदलतात हो. पँट कमरेला नीट बसावी म्हणून मी शिवण उसवते, तसंच."

रविवारी फोन लावला. पडद्यावर विहीणबाई, जावई आणि लेक. हिनं कागद डोळ्यांसमोर धरला आणि वाचायला लागली. मी विमानतळावर पोचले. मी धीर शोधला. मी रडायला सुरुवात केली. कावीळ नव्हती. तिकडे लेक पांढरीफटक.

विहीणबाई भडाभडा बोलल्या. हिला ओ की ठो कळेना. शेवटी लेकीलाच मान खाली घालून सांगावं लागलं, "त्या म्हणतात, कावीळ ही थाप आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांना वाटायचं, त्यांचा मुलगा तुम्हाला पसंत नाही, म्हणून तुम्ही आला नाहीत."

"अगं बाई!" म्हणत ही उठली आणि तिनं पडद्यावरच्या जावयाच्या गालावरून हात फिरवला. फोन कट झाला.

"अहो, लावा ना परत! बघत काय बसलाय?"

मला कसलं बटण दिसतंय? माझेच डोळे भरले होते.