रडकी कुंडी

तिला सगळे ‘पंधरा मिनिटंवाल्या बाई’ म्हणत. खरं नाव होतंच, पण ते कुणाच्या लक्षात राहत नसे. लक्षात राही ते तिचं वचन. आठवड्याला पंधरा मिनिटं द्या, बाग जगेल. सोळावं मिनिट लागलं तर मला बोलवा.

शहरातल्या घरांच्या पुढे-मागे जी चतकोर जागा उरते, तिची बाग करून देणं हा तिचा व्यवसाय. गिऱ्हाइकं बहुतेक एका साच्यातली. नवरा-बायको दोघंही सकाळी आठला घराबाहेर, परतायची वेळ नक्की नाही, मुलांच्या मागे शाळा आणि क्लास, आणि अंगणात मागच्या वर्षी हौसेने आणलेल्या गुलाबांच्या काड्या. अशा घरांची हौस ती आधी छाटून टाकी. “हिरवळ नको, ती दर आठवड्याला हजामत मागते. गुलाब तर मुळीच नकोत, ते लाडावलेले जावई, रुसले की महिनाभर बोलत नाहीत. कण्हेर लावा, बोगनवेल लावा, कोरफड लावा. या मंडळींचं तुमच्यावाचून काही अडत नाही.”

मग जमिनीवर तण न उगवू देणारं कापड, त्यावर खडी, झाडांच्या बुडाशी वाळक्या पानांचा वीतभर थर, आणि प्रत्येकाच्या मुळाशी ठिबकची बारीक नळी. सगळ्या नळ्या एका टायमरला जोडलेल्या. सकाळी सहाला त्यातून ‘टक्’ असा आवाज येई, पाणी सुटे आणि सव्वासहाला आपोआप बंद होई. घरातलं कुणी उठो न उठो.

फक्त एक कुंडी या व्यवस्थेच्या बाहेर असे. फाटकाजवळ, रस्त्यावरून दिसेल अशी. तिच्यात कोलियस, मोठ्या मऊ जांभळ्या पानांचं. त्याला एक सकाळ पाणी चुकलं की दुपारच्या आत ते मान टाकतं, आणि तांब्याभर पाणी मिळालं की तासाभरात काहीच न झाल्यासारखं उभं राहतं. या कुंडीचं नाव तिने ‘रडकी’ ठेवलं होतं. एकसष्ट बागांमध्ये एकसष्ट रडक्या होत्या. का, हे तिने एकसष्ट घरांत कुणालाही सांगितलं नव्हतं.

बासष्टावं घर एका प्रयोगशाळावाल्या बाईंचं होतं. रक्त-लघवी तपासण्याची त्यांची स्वतःची प्रयोगशाळा. नवरा फिरतीच्या नोकरीवर, एक शाळकरी मुलगी, आणि मागच्या खोलीत सासरे. सासरे जन्मभर कपडे शिवत आले होते, म्हणून घरात-बाहेर सगळ्यांचे ‘मास्तर’. वय एक्याऐंशी, गुडघे गेलेले, जीभ मात्र नुकती धार लावल्यासारखी.

काम घेण्याआधी ती त्या जागेत दिवसातून तीनदा येऊन बसे आणि सावली कुठवर येते ते पांढऱ्या भुकटीने जमिनीवर आखून ठेवी. ती वाकून रेघ ओढत असताना मास्तर हातात झारी घेऊन पायरीवर उभे होते.

“खडूने आखताय म्हणजे तुम्ही आमच्याच धंद्यातल्या,” ते म्हणाले. “बाई, जरा ढगळ बेतून शिवा हो. बागेचं अंग नंतर भरतं.”

“भरलं तर उसवून देईन, मास्तर.”

“सगळे असंच म्हणतात. ट्रायलला आलं की तोंडं लपवतात.”

आतून सूनबाई आल्या. “बाबा, झारी ठेवा बघू. घसरला बिसरलात म्हणजे? बाई, मला मुख्य हेच हवंय. यांचं पाणी घालणं बंद झालं पाहिजे. पहाटे उठून ओल्या फरशीवर फिरतात. एकदा टायमर बसला की यांना उठायलाच नको.”

तिच्या हातातली भुकटी सांडली. नेमकं हेच वाक्य तिने स्वतः एकदा उच्चारलं होतं, आईच्या अंगणात, टायमरचा शेवटचा स्क्रू पिळताना. “आता तुला उठायलाच नको.”

त्याला सोळा वर्षं झाली होती. आई सहा तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावी एकटी राहायची. तिची बाग म्हणजे नुसता पसारा. नारळाच्या करवंटीतही काहीतरी उगवलेलं. रोज सहाला ती झारी घेऊन बाहेर येई, आणि भिंतीपलीकडच्या शेजारीणबाई तिला पाहून म्हणत, “उठलात का?” लेकीने स्वतःच्या हाताने बसवलेली पहिली ठिबक ती आईच्या अंगणातली. आईला तिचं कौतुकही वाटलं आणि टोमणाही सुचला. टायमरला ती ‘माझी दुसरी लेक’ म्हणू लागली. “पहिलीपेक्षा बरी. रोज येते, न चुकता येते, आणि आल्याआल्या घड्याळ बघत नाही.” फोनवर दोघी हसल्या होत्या.

फाटक वाजलं की आईची एक सवय होती. घरात कुठेही असो, तिथूनच ओरडायची, “आलीस का गं?” मग येणारा दूधवाला का असेना.

आई पडली ती एका गुरुवारी संध्याकाळी, स्वयंपाकघरातून न्हाणीकडे जाताना. शुक्रवारी सहाला टायमर वाजला, पाणी सुटलं. शनिवारी वाजला. रविवारी वाजला. शेजारीणबाईंनी तीनही दिवस भिंतीवरून पाहिलं होतं. बाग हिरवीगार, खडी ओली, नळ्यांतून पाणी ठिबकतंय. रविवारी दुपारी लेकीचा ठरलेला फोन कुणी उचलला नाही, तेव्हा दार फोडलं. “मला वाटलं आहेत,” शेजारीणबाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. “पाणी पडत होतं ना हो रोज.”

डॉक्टर सज्जन होते. विचारलं तेवढंच सांगितलं. बहुधा शनिवार सकाळपर्यंत आईला शुद्ध असावी.

म्हणजे ‘टक्’ हा आवाज तिने दोनदा ऐकला. न्हाणीची खिडकी टायमरच्या बरोबर वर होती. खिडकीखाली काहीतरी वाजलं, पाणी सुटलं, तेव्हा आईने काय म्हटलं असेल, हा प्रश्न त्या दिवसापासून तिच्या घरी राहायला आला तो आलाच. सकाळी सहाला ती कुठेही असो, टायमरजवळ नसली तरी तिला तो आवाज येई. आणि त्यामागोमाग दुसरा, आतल्या खोलीतून आलेला, नीट न ऐकू येणारा.

काम सोडून द्यावं असंही तिला वाटलं होतं. पण दुसरं काही येत नव्हतं, आणि लोकांना वेळ नव्हता हेही खोटं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक बागेत एक कुंडी नळीविना राहिली, आणि समोरच्या दुकानदाराला नाहीतर शेजाऱ्याला ती सहज बोलल्यासारखं सांगून जाई, “हिने मान टाकलेली दिसली तर जरा दार वाजवा हं.” तेवढ्यावर तिचा भरवसा नव्हता. ती स्वतः रोज निम्म्या शहराला चक्कर मारी. दुपारी बाराच्या आत, एक दिवसाआड एकेक भाग. लोकांना वाटे, काय चोख बाई आहेत, काम झाल्यावरही विसरत नाहीत.

मास्तरांच्या घरची बाग तीन आठवड्यांत झाली. समोर सायकल-दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानवाल्याला नेहमीचं सांगून झालं. सूनबाईंनी कुंडीकडे बोट दाखवलंच. “हिला नळी नाही लावलीत?”

“घरात एक तरी रडकं असावं,” ती ठेवणीतलं हसली. “बाबांना सोपवा. तांब्याभर पाणी, पायरीवरूनच.”

दोन महिन्यांनी ती फाटकाशी थबकली. कोलियस नको इतकं टवटवीत होतं. वाकून पाहिलं तर कुंडीत काळी नळी शिरलेली.

“मीच प्लंबरकडून लावून घेतली,” सूनबाई गाडीची किल्ली शोधत म्हणाल्या. “बाबा कधी विसरायचे, आणि आल्यागेल्यासमोर ते मेलेलं तोंड. आता कटकट मिटली.”

“बाबा कुठायत?”

“असतील की आत. आता त्यांना काय काम?”

खरं सांगायची वेळ हीच होती. तिने तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच. “कोलियसला ठिबक चालत नाही हो. मुळं सडतात. पंधरा दिवसांत जाईल.”

खोटं इतकं सहज जमलं की तिचं तिलाच नवल वाटलं. सूनबाईंनी हात झटकले, “काढा मग, तुम्ही जाणकार,” आणि गाडी सुरू केली. तिने नळी उपसली, तोंडाला बूच मारलं, आणि वर पाहिलं तर पुढच्या खोलीच्या खिडकीत मास्तर उभे होते.

नंतरच्या महिन्यात मुलगा, सून आणि नात चार दिवस सहलीला गेले. मास्तर मागे राहिले. गुडघे घेऊन कुठे डोंगर चढणार. हे तिला सायकलवाल्याकडून कळलं. त्या दिवसांत तिने दिवसाआडचा नेम मोडला, रोज येऊ लागली. पहिल्या दिवशी रडकी ताठ. दुसऱ्या दिवशी ताठ. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता ती कोपऱ्यावर वळली आणि लांबूनच तिला दिसलं. सगळी पानं खाली लोंबत होती, ओल्या फडक्यांसारखी. मागची बाग मात्र हिरवीगार. खडी सकाळच्या पाण्याने अजून कडांना ओलसर होती.

“अहो, ही कधीपासून अशी?” तिने सायकलवाल्याला विचारलं.

“सकाळीच बघितलं मी. म्हटलं ऊन लागलं असेल.” तो चाकातून डोळे न काढता म्हणाला. “बाकी बाग तर झकास आहे.”

ती धावली. फाटक, खडी, मागचं दार. दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंधूक. तिला मास्तरांना हाक मारायची होती, पण ओठांवर दुसरीच हाक आली आणि तिने ती दातांखाली धरली.

“या,” आतून आवाज आला. “किती वाजले?”

मास्तर खुर्चीत बसले होते. सदरा घातलेला, बटणं सगळी लावलेली, हातात काठी. समोर टेबलावर पाण्याने भरलेला तांब्या.

“अकरा... अकरा वाजून गेले.” तिने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “तुम्ही बरे आहात?”

“मला काय धाड भरलीय? सहाला टायमर वाजला तेव्हापासून बसलोय. म्हटलं, आज नाही घालायचं पाणी. बघू तरी, कोण येतं.” त्यांनी बोटं मोजली. “पाच तास लागले. वाईट नाही. पण घरचं कुणी नव्हे, समोरचा नव्हे, बागवाली आली.”

“मास्तर, अशी थट्टा करतात का?” तिचा आवाज फाटला.

“थट्टा नाही, बाई. ट्रायल.” त्यांनी तिला बसायला खूण केली. “साठ वर्षं कपडे शिवले मी. अख्ख्या कपड्यात एकच टाका सोडलेला दिसला तर तो चुकून सुटलेला नसतो. नळी काढताना तुमचे हात बघितले मी. झाडासाठी कुणाचे हात तसे थरथरत नाहीत. कोण होतं?”

सोळा वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. कारण तिने तशी वेळच येऊ दिली नव्हती. तिने सांगितलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. खिडकी, टायमर, दुसरी लेक, फाटक वाजलं की येणारी ती हाक. मास्तरांनी मध्ये एकदाही ‘तुमचा काय दोष’ म्हटलं नाही, याबद्दल ती पुढे कायम त्यांची ऋणी राहिली. ते एवढंच म्हणाले, “आवाज ऐकून ‘आलीस का’ म्हणाल्या असतील.”

“हो.”

“हं.” त्यांनी तांब्या तिच्या हातात दिला. “जा, घाला तिला. पोरीचा विनाकारण उपास झाला.”

ती पाणी घालून आली तेव्हा त्यांनी दुसरा प्रश्न काढून ठेवला होता. “तुमच्या दारात आहे का अशी?”

“काय?”

“रडकी. तुम्हीही एकट्याच ना?”

तिच्या घरी बाग होती. कण्हेर, कोरफड, खडी, टायमर. सगळं स्वतःच्या हाताने लावलेलं, सगळं नळीवर. फाटकाजवळची जागा सोळा वर्षं रिकामी होती, आणि हे तिला आत्ता, या क्षणी समजत होतं.

मास्तरांनी काठीने टेबलावरची कात्री तिच्याकडे सरकवली. “फांदी न्या. पाण्यात ठेवली की मुळं धरते, हे मी तुम्हाला काय सांगू. तुमचं घर किती लांब?”

“पायी पंधरा मिनिटं.”

“मग झालंच की! आठवड्याला एकदा येतो बघायला. मेलात तर फार तर सात दिवस कळायचं नाही.” ते हसले. मग तिचा चेहरा पाहून म्हणाले, “रोज येईन. डॉक्टरही चालायलाच सांगतो. सूनबाईला मी बघून घेतो.”

फांदीला बारा दिवसांत मुळं आली. कुंडी फाटकाशी बसली. सकाळी सहाला टायमर वाजे, मागोमाग ती उठून तांब्या घेऊन जाई, आणि दहाच्या सुमारास काठीचा ठक ठक आवाज येऊन फाटकापाशी थांबे, क्षणभर काहीच ऐकू येत नसे, मग पुढे जाई. मास्तर आत येत नसत. ती बाहेर जात नसे, चक्कर मारायला निघे ती त्यानंतरच. तेवढं पुरे होतं.

एका सकाळी ती उठली नाही. आजारी नव्हती. सहाला ‘टक्’ झालं, पाणी सुटलं, आणि ती तशीच पडून राहिली, छताकडे बघत. खिडकीखाली नळ्यांमधून पाणी जात होतं. ठिबकचा आवाज इतका बारीक असतो हे तिला आयुष्यात कधी जाणवलं नव्हतं. कुणीतरी फार हळू, पाय न वाजवता अंगणात फिरत असल्यासारखा. इतका वेळ ऐकला की वाटतं, आता ते माणूस दारातून आत येईल. सव्वासहाला आवाज थांबला. आत कुणी आलं नाही. मग नुसती सकाळ. सात. आठ. नऊ. ऊन भिंतीवर चढत गेलं. आपण उठू शकतो हे ठाऊक असूनही तिला उठता येत नव्हतं.

दहाला काठी वाजली. फाटकापाशी थांबली. पुढे गेली नाही. कडी खडखडली.

“अहो पंधरा मिनिटंवाल्या बाई! मान टाकलीय हिने!”

तिने तोंड उघडलं.

“आले,” ती म्हणाली.

मास्तरांना ऐकू जाईल इतकं मोठ्याने ते निघालं नव्हतं. म्हणून मग तिने ते दुसऱ्यांदा म्हटलं.