यूजीनचा सहावा पेपर

त्या शुक्रवारी यूजीनची गाडी सुरूच होईना, म्हणून मी त्याला माझ्या गाडीतनं पेपरला सोडलं. यूजीन म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय छप्पन. सूट घालून, भांग पाडून बसला शेजारी, पहिल्यांदा शाळेत चाललेल्या पोरासारखा.

परीक्षेची जागा दातांचा डॉक्टर आणि कुत्र्यांचे केस कापायचं दुकान यांच्या मधे. आत जाताना खिसे उलटे करून दाखवायला लावतात. दोन मिनिटांत हा परत बाहेर. हातात मापाची टेप.

"ही ठेव. आत चालत नाही म्हणे."

"अरे, पेपरला टेप कशाला आणलीस?"

"आणली नाही गं, खिशातच असते."

ते खरं होतं. चर्चला जाताना पण असायची.

मी गाडीत थर्मासमधली कॉफी पीत बसले आणि झोपले. काच वाजली म्हणून जागी झाले, तर हा समोर उभा, पांढराफटक.

"डोरे, झालं."

"काय झालं?"

"सहावा. शेवटचा. स्क्रीनवर आलं, बहुतेक पास."

"बहुतेक म्हणजे काय? बाई एकतर पोटुशी असते नाहीतर नसते. बहुतेक पोटुशी कुठे असते?"

"पक्कं आठवड्याभरात कळतं. पण बहुतेक आलं की बहुतेक वेळा खरंच असतं."

मग आम्ही मासे खायला गेलो. मिलवॉकीत शुक्रवारी दुसरं काय खाणार माणूस? तळलेला कॉड, बटाट्याचे थालीपिठासारखे पॅनकेक, राय ब्रेड. बारमधे स्टॅश बसलेला होता, तो नळाची कामं करतो, यूजीनचा शाळेपासूनचा दोस्त. तो लांबनंच ओरडला, "या आर्किटेक्टसाहेब!"

एरवी यूजीन लगेच बोट वर करायचा, "नाही हां, कायद्याने नाही." त्या दिवशी त्याने बोट वर केलं, मग जरा विचार केला आणि खाली घेतलं. हसला नुसता. दोन प्लेटी मासे खाल्ले.

घरी येताना मी गाडी चालवत होते आणि माशांबरोबरच्या पांढऱ्या सॉसबद्दल बोलत होते. सॉस पूर्वीसारखा राहिला नाही, त्यात काकडीचं लोणचं कमी घालतात, कंजूष झालेत मेले. तीन सिग्नल मी बोलत होते. तिसऱ्या सिग्नलला म्हणलं, "अरे, हो तरी म्हण." तो डोकं काचेला टेकून बसला होता. हृदय बंद पडलं होतं. डॉक्टर म्हणाले त्याला कळलं पण नसेल. सॉसचं कितपत ऐकलं देव जाणे.

आता हे सांगायला पाहिजे की त्याला ते पेपर कशाला पाहिजे होते. यूजीन एका आर्किटेक्टच्या ऑफिसात तरुणपणापासून नकाशे काढायचा. पण आमच्याकडे सहा पेपर पास होऊन लायसन हातात येत नाही तोवर स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला कायद्याने बंदी. म्हणजे काम तेच, खुर्ची तीच, फक्त शब्द लावायचा नाही. आणि लायसन नाही म्हणून ऑफिसने त्याला काय द्यावं? शाळांचे संडास. जन्मभर कागदावर शाळांचे संडास काढले माझ्या भावाने. मी शाळेच्या स्वयंपाकघरात वाढायचं काम करते, मी सगळ्यांना सांगायचे, इथली निम्मी पोरं माझ्या हातचं जेवतात आणि माझ्या भावाच्या संडासात जातात. घरचाच धंदा आहे.

आई होती तेव्हा ती चर्चच्या जेवणाला त्याला दंडाला धरून फिरवायची. "हा माझा मुलगा, आर्किटेक्ट." असं म्हणाली की हा लाल व्हायचा. "आई, नको गं, पकडतील." "कोण पकडतंय? फादर पकडतायत?" तेव्हा फादर पण हसायचे. आई गेली तरी तो शब्द काही त्याच्या नावामागे लागला नाही. तेच त्याच्या मनात बसलं. पगार वाढायचं सोड, त्याला फक्त तो शब्द पाहिजे होता.

पण नोकरी करून अभ्यास करायचा कधी? दिवसभर ऑफिस, आणि संध्याकाळी घरी येऊन हा मेल्यासारखा पडणार. म्हणून त्याने बेत आखायला सुरुवात केली. एवढे बेत आखले की त्या वेळात अभ्यास झाला असता.

पहिला बेत पहाटेचा. लवकर उठायचं, ऑफिसच्या आधी वाचायचं. मी एकदा डबा द्यायला गेले तर हा टेबलावर झोपलेला आणि गाल दलियाच्या वाडग्यात.

दुसरा बेत गाडीत ऐकायचा. स्वतःच्या आवाजात पुस्तक टेपवर भरलं आणि ऑफिसला जाताना लावलं. आता यूजीनचा आवाज म्हणजे फ्रिजचा आवाज. सिग्नलला डोळा लागला, मागचे लोक हॉर्न मारून मारून थकले. मग माझ्याकडे आला.

"डोरे, तू वाच. तुझ्या आवाजाला कोण झोपेल?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"तुला कळायची गरज नाही. ओरडायची आहे."

वाचलं बाई. पोरांच्या रांगेवर ओरडते तसंच. "करार मोडला तर जबाबदार कोण! पुढचा!" शब्द अडला की मी शिवी घालायची, ती पण टेपवर गेली. तो म्हणायचा परीक्षेत उत्तर आठवताना आधी तुझी शिवी आठवते, मग उत्तर. पण तो पेपर तो पास झाला.

तिसरा बेत बर्फाचा. आमच्याकडे थंडीत तळं गोठलं की लोक त्यावर लाकडी खोपटं नेऊन ठेवतात, बर्फाला भोक पाडतात आणि मासे पकडत बसतात. खरं म्हणजे बिअर पीत बसतात. यूजीन म्हणाला, तिथे फोन लागत नाही, साहेब येत नाही, शनिवार-रविवार तिथेच अभ्यास. खोपटं त्याने स्वतः बांधलं. तेव्हा त्याचा आगीपासून सुटकेचा पेपर चालू होता. पुस्तकात लिहिलेलं की गर्दीच्या जागेचं दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे, म्हणजे आग लागली तर माणसं दाराशी चेंगरत नाहीत. सगळ्या तळ्यावरची दारं आत उघडणारी. याचं एकट्याचं बाहेर.

स्टॅश म्हणाला, "अरे गाढवा, आत तू आणि एक मासा. गर्दी कसली?"

"नियम म्हणजे नियम."

एका शनिवारी दुपारी बर्फाचं वादळ आलं. बर्फ दाराला लागून कमरेएवढा साचला. दार काही केल्या बाहेर उघडेना. बाकीचे आपापली दारं आत ओढून घरी गेले, आणि आगीपासून सुटकेचा एवढा अभ्यास केलेला माणूस आत अडकून बसला. स्टॅशला बारमधे त्याची खुर्ची रिकामी दिसली म्हणून तो फावडं घेऊन परत गेला. खणून दार उघडलं तर हा कंदिलाशी वाचत बसलेला. म्हणतो कसा, "जरा दहा मिनिटं थांब, धडा संपत आलाय." तो पण पेपर पास झाला. दुसरं करायला होतंच काय आत?

आणि एक भानगड होती. त्या काळी पास झालेला पेपर पाच वर्षांनी बाद व्हायचा. हा पाचवा पास झाला तोवर पहिला शिळा होऊन गेला. मग तो परत द्या, तोवर दुसरा शिळा. फुटक्या बादलीत पाणी भरल्यासारखं. मी म्हणलं, "सोड रे आता. संडास चांगले काढतोस की." त्यावर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "या खेपेला सगळे एका दमात देतो. सुट्टी सगळी त्यातच घालवतो." आणि खरंच, त्या वर्षी तो कुठेही गेला नाही. भाचीच्या लग्नात फक्त आला आणि हॉलला बाहेर पडायची दारं कमी आहेत म्हणून मॅनेजरशी भांडला.

तो गेल्यावर चार दिवसांनी त्याचे साहेब, हॅल्व्होरसन, घरी आले. हातात केक, डोळे लाल. म्हणाले, "डोलोरेस, पक्का निकाल आला. पास आहे." मी केक तसाच हातात धरून रडले. मग विचारलं, "म्हणजे आता तो आर्किटेक्ट झाला ना?"

साहेब म्हणजे भला माणूस, पण खोटं बोलता येत नाही. म्हणाले, पास झाल्यावर लायसनसाठी अर्ज करावा लागतो. आणि अर्ज ज्याचा त्याने करायचा असतो.

आता आली का पंचाईत. कबरीच्या दगडावर नावाखाली एक शब्द बसत होता आणि मला तोच पाहिजे होता. स्टॅश म्हणाला, "खुशाल लिही, कोण येतंय बघायला?" पण मी यूजीनला ओळखते. खोटं लिहिलं असतं तर तो आतनं बोट वर करून उठला असता, कायद्याने नाही म्हणून.

म्हणून मी मॅडिसनला लायसनच्या सरकारी ऑफिसात फोन लावला. एका बाईने उचलला. मी सगळं सांगितलं, सहा पेपर, मासे, सिग्नल, सगळं. सॉसचं पण सांगितलं. ती बिचारी ऐकत राहिली. मग म्हणाली, "ताई, साहेबांना विचारते, थांबा." बराच वेळ फोनवर पिपाणी वाजत होती. मग ती आली.

"साहेब विचारतायत, ते यापुढे नवीन कामं घेणार आहेत का?"

"यूजीन?"

"हो."

"नाही," मी म्हणलं, "मला नाही वाटत."

"मग साहेब म्हणतायत आमची काही हरकत नाही. लिहा."

मी त्याच दिवशी दगडवाल्याकडे गेले. त्याने दगडावर खडूने अक्षरं मांडून बघितली, मान वाकडी केली, पुसली, परत मांडली.

"बाई, शब्द मोठा आहे. नावानेच दोन ओळी खाल्ल्यात, मोठ्या अक्षरात पाहिजे असेल तर वर नावात जागा करावी लागेल. हे मधलं कॅसिमिर काय आहे?"

"आमच्या आजोबांचं नाव."

"ते काढलं तर बसतंय."

"काढ," मी म्हणलं.