अर्धा घंटा

कामरगावच्या बसस्टँडवर गार पाणी पिताना माझ्या दातात कळ आली, तसा शेजारचा माणूस डबी उघडून जवळ सरकला. डबीत त्यानं घरी बनवलेलं चिकट जेल होतं.

"सात वर्सं झाले, याचा चिकटपना जमवून राह्यलो," माझ्या दातांवर करंगळी फिरवत तो म्हणाला. "आता अर्धा घंटा तोंडात काही टाकू नका."

मी आ वासून बसलो. माझी एसटी निघून गेली, तरी हललो नाही. मग पाणी प्यालो. कळ आली नाही.

खुशीत त्यानंही घोट घेतला आणि गाल धरून कळवळला.

"तुम्ही स्वतः का लावत नाही?" मी विचारलं.

तंबाखूच्या खर्र्याची प्लास्टिकची पन्नी तळहातावर घासत तो म्हणाला, "अर्धा घंटा तोंड रिकामं ठेवनं कोनाले जमते जी?"