अळणी शुक्रवार

हसणार असाल तर आधीच सांगा, मी गप्प बसते. कारण यात हसण्यासारखं काही नाही. आणि माझी काही चूकही नव्हती! म्हणजे, होती. पण ती कशी झाली ते आधी ऐका.

मी मांडवीत घरून जेवणाचे डबे देते. आता तुम्हीच सांगा, रोज सकाळी उठून ढिगाने पोळ्या लाटायचा उत्साह माणसाने आणायचा कुठून? आणि कौतुक? नाव नको! डबा रिकामा परत आला की तेच कौतुक समजायचं. एखाद्या दिवशी पोळी जरा कडक झाली की मात्र लगेच फोन!

आमच्या शेजारी फिलोमिना राहते. आम्ही तिला फिलू म्हणतो. ती शिवणकाम करते. शिवणकाम म्हणजे काय, तर लोकांचे घट्ट झालेले ब्लाउज उसवून सैल करून द्यायचे. आणि ते करताना बाई गुणगुणत असते! मला रागच यायचा. एवढं खुशीत राहायला हिला मिळतं तरी काय?

शेवटी विचारलंच. "काय गो फिलू, तुला कंटाळा म्हणून येत नाही?"

"येतो की वहिनी! पण सकाळी उठल्या उठल्या मी प्रभूला सांगते, आजचं माझं सगळं काम तुला अर्पण. मग ते काम माझं राहत नाय, त्याचं होतं. त्याच्या कामात कुरकुर कशी करू?"

मला पटलं. देवात काय तुमचा-आमचा करायचा? दुसऱ्या दिवशी हात जोडले आणि पोळ्या अर्पण करून टाकल्या. काय सांगू, लाटणं असं भराभर फिरायला लागलं की आमचे हे अंथरुणातून उठून बघायला आले, हिला बरं आहे ना म्हणून!

त्याच आठवड्यात फिलूने मला एक ऑर्डर आणली. त्यांचा ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ चालू होता. दर शुक्रवारी चर्चमध्ये प्रार्थना आणि मग हॉलमध्ये सगळ्यांना साधं शाकाहारी जेवण.

"हा शुक्रवार तुम्ही करा, वहिनी. फादरना पसंत पडलं तर ईस्टरपर्यंतचे सगळे शुक्रवार तुमचे."

अशी ऑर्डर मी जन्मात पाहिली नव्हती. ती काही केल्या हातची घालवायची नव्हती मला.

शुक्रवारी पहाटेच उठले. काळ्या वाटाण्याची उसळ, कोवळ्या फणसाची भाजी, भात, सोलकढी. गॅस पेटवायच्या आधी सगळा स्वयंपाक अर्पण केला. आणि घोळ झाला तो इथेच. आता मला सांगा, देवाला अर्पण केलेलं अन्न म्हणजे काय? नैवेद्य! आणि नैवेद्य कुणी चाखतं का? आमच्या माहेरी तर नैवेद्याच्या पातेल्यावर वास घ्यायलासुद्धा वाकू देत नसत.

यांनी उसळीत चमचा घातला, तर मी हातावर फटका मारला. "उष्टं करता? देवाला दिलंय ते!"

"अगं, मीठ तरी बघ!"

"देवाला दिलंय, देव बघेल!"

हॉलमध्ये पंगत बसली. सगळ्यांनी पहिला घास घेतला. मग एकही जण माझ्याकडे बघेना. कुणी उसळ मागेना. सोलकढीचं पातेलं तसंच भरलेलं! माझं डोकं सणकलं. पहाटेपासून राबले मी, आणि हे असे तोंडं पाडून जेवतात? ओढलं फिलूला कोपऱ्यात.

"काय गो, जेवणाला बरं म्हणायची पद्धत नाही काय तुमच्यात?"

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "तुम्ही चाखलंत काय हे?"

"मी? नैवेद्य?"

"कसला नैवेद्य? अहो, काम अर्पण करायचं! जीभ नाय!"

तिने उसळीचा चमचा माझ्या तोंडात घातला. मीठ नाही! उसळीत नाही, भाजीत नाही, सोलकढीत नाही. कसं असेल? माझी पद्धतच अशी, सगळं शिजलं की चाखायचं आणि मग मीठ घालायचं. चाखणं राहिलं, त्याच्याबरोबर मीठही राहिलं.

गेली ऑर्डर! मी पदर खोचला आणि माफी मागायला निघाले. तेवढ्यात फादरच उठून उभे राहिले.

"या ताई आपल्या धर्माच्या नाहीत. पण उपवासाचा अर्थ त्यांना किती कळलाय बघा! मीसुद्धा कधी मीठ सोडलं नव्हतं. यांनी न सांगता आपल्या सगळ्यांकडून सोडवून घेतलं!"

टाळ्या! अख्खा हॉल! इतकी वर्षं चवीने रांधते आहे, कुणी एक टाळी वाजवली असेल तर शपथ. आणि वाजवली कधी, तर मी मीठ विसरले तेव्हा!

"ताई, हे सुचलं कसं तुम्हाला?" फादरनी विचारलं.

आता चर्चमध्ये खोटं कसं बोलायचं? फिलू छताकडे बघत होती.

"प्रार्थनेतून," मी म्हटलं.

ईस्टरपर्यंतचे सगळे शुक्रवार मला मिळाले. अट एकच, जेवण अगदी तसंच हवं. आता दर शुक्रवारी प्रत्येक पातेलं मी न चुकता चाखते. हाताच्या सवयीने मीठ पडलं आणि चव आली, तर ऑर्डर जायची!